पाचवी चिमणी



ख्रिस्ती श्रद्धेतला दिलासा या विषयावर मराठीतून, आणि तेही हैदराबादच्या नल्लकुंट्यात बोलायचं, म्हटल्यावर मी दोन दिवस होकार कळवला नव्हता. शंकरमठ इथून हाकेच्या अंतरावर. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत सकाळी देवपूजा झालेली असणार. या मंडळींना मी काय सांगणार? शेवटी ठरवलं की हा विषय मला पहिल्यांदा जिथे भेटला तिथूनच सुरुवात करावी. ती जागा लांब नाही. आपला कोरंटी दवाखाना.

सरकारी पाटीवर त्याला सर रोनाल्ड रॉस यांचं नाव आहे. 1897 साली सिकंदराबादेत ज्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला, ते रॉस. पण रिक्षावाल्याला ते नाव सांगा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. कोरंटी म्हणा, की लगेच आणून सोडेल. क्वारंटाइनचं लोकांच्या तोंडी कोरंटी झालं. साथीच्या रोग्याला वेगळं ठेवण्याची जागा, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

1966 सालच्या थंडीत माझ्या धाकट्या भावाला घटसर्प झाला. तो पाच वर्षांचा, मी अकरा वर्षांची. वडील रेल्वेत कारकून होते, आम्ही काचीगुड्याला राहत होतो. मनमाड-काचीगुडा मीटरगेजवरचं जालना हे आईचं माहेर. भावाला कोरंटीत दाखल केलं आणि आतल्या खोलीचं दार लागलं. आईला बाहेरच्या ओसरीवर बसायला सांगितलं. ती तीन दिवस तिथेच बसून होती. तिच्या मांडीवर 'उपासना संगीत' होतं. आम्हा मराठी ख्रिस्ती घरांतलं हे गीतांचं पुस्तक, त्यातली कितीतरी गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. आईने ते उघडलं मात्र नाही. नुसता हात ठेवून बसली होती.

लोक भेटायला येत होते. चर्चमधली मंडळी आली, शेजारीपाजारी आले, वडिलांच्या कचेरीतले आले. सगळे मायेने आले होते, आणि प्रत्येकाजवळ काही ना काही सांगायला होतं. देवाची इच्छा, म्हणाले. परीक्षा आहे, म्हणाले. पूर्वीच्या काही चुका असतील तर पदरात घे म्हण, असंही एकजण म्हणाले. आई सगळ्यांना मान डोलवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या शेजारी एक तेलुगू बाई येऊन बसल्या. त्यांची मुलगी आत होती. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आईचं तेलुगू बाजारापुरतं. बऱ्याच वेळाने त्या बाईंनी पदरातली फडक्याची गाठ सोडली, ज्वारीची रोट्टे काढली, अर्धी मोडली आणि काही न विचारता आईच्या हातात ठेवली. आईने दोन दिवसांत पहिल्यांदा अन्न तोंडात घातलं. तो तुकडा चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, हे मला आजही समोर दिसतं.

तिसऱ्या रात्री भाऊ गेला. दवाखान्याने करायचं ते सगळं केलं होतं.

हे आधीच सांगून टाकते आहे, कारण दिलाशावर बोलणारी माणसं बहुधा वाचलेल्यांच्याच गोष्टी सांगतात. प्रार्थना केली आणि मूल बरं झालं, प्रार्थना केली आणि नोकरी लागली. तसं होतं तेव्हा आनंदच आहे. पण ज्यांचं मूल बरं होत नाही त्यांच्यासाठी माझ्या धर्मात काही आहे की नाही? नसेल तर तो धर्म माझ्या आईच्या कामाचा नव्हता. आणि तो तिच्या कामाला आला, हे मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, अंगाची कातडी, सगळं गेलेला माणूस राखेत बसला आहे. त्याचे तीन मित्र लांबून येतात, त्याला पाहून मोठ्याने रडतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. कुणीही एक शब्द बोलत नाही. माझ्या मते दुःखितांच्या समाचाराला जाण्याचं याहून चांगलं उदाहरण नाही. पुढे ते बोलू लागतात, कारणं सांगू लागतात, आणि तिथून सगळं बिघडतं. पुस्तकाच्या शेवटी देव त्या कारणं सांगणाऱ्यांवरच रागावतो. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. कोरंटीच्या ओसरीवर कारणं सांगणारे पुष्कळ होते. जमिनीवर बसणारी एकच बाई होती, आणि ती ख्रिस्ती नव्हती.

आता चिमणीकडे येते. येशूच्या काळी बाजारात चिमण्या विकत असत, गरिबाचं मांस म्हणून. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन असा भाव आहे. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेब करून बघा. दोन नाण्यांना चारच यायला हव्यात. पाचवी वर घातलेली आहे. आपण भाजीवालीकडे कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त मागतो, त्याला इथे कोसरू म्हणतात. तशी ती कोसरूतली चिमणी. तिची किंमतच नाही, भावात ती धरलेली नाही. आणि येशू म्हणतो की तिचाही देवाला विसर पडत नाही, मग तुम्ही कशाला भिता? ती जमिनीवर पडणारच नाही असं तो म्हणत नाही. पडते. पण पडते तेव्हा ती बेवारशी नसते.

माझ्या आईचे पूर्वज ही पाचवी चिमणी होते. हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्याच्या खेड्यांतली मांग-महार माणसं. गावाला त्यांच्या हातांची गरज होती, नावांची नव्हती. त्यांच्यात येऊन राहिले ते नारायण शेषाद्री, जन्माने ब्राह्मण, 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले. पहिल्या सालारजंगांच्या कारभारात त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली आणि त्यांनी तिथे वस्ती उभारली. तिचं नाव बेथेल. हे नाव नुसतं बायबलातलं म्हणून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. भावाला फसवून घरातून पळालेला याकोब रात्री उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपतो, आणि तिथे, त्या लायकी नसलेल्या घडीला, देव त्याला भेटतो. सकाळी उठून तो त्या जागेला बेथेल म्हणतो, देवाचं घर. दगड उशाला घेऊन झोपणाऱ्यांच्या वस्तीला याहून योग्य नाव कुठून आणणार?

आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांना बाप्तिस्म्याच्या दिवसातलं फार काही आठवत नव्हतं. एकच आठवत होतं. पाळकांनी वही उघडली, शाईत टाक बुडवला आणि त्यांचं नाव लिहिलं. नाव, बापाचं नाव, आईचं नाव. आपलं नाव कागदावर उमटताना त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ते पुढे वाकून बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

आणखी एक बाई आपल्याच मुलखातून गेली आहे. पंडिता रमाबाई. 1858 साली सह्याद्रीतल्या गंगामूळला जन्मलेली ही मुलगी आईवडिलांबरोबर पुराणं सांगत दक्षिणेत हिंडत होती, आणि 1870 नंतरच्या दुष्काळाने त्या घराला गाठलं. जवळचं सगळं विकून झालं, दानधर्म झाला, उपासतापास झाले. वडील अनंतशास्त्री गेले. मागोमाग आई लक्ष्मीबाई रायचूरला गेली. रायचूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. मरणाच्या दारात असलेली आई अन्न मागत होती आणि सोळा-सतरा वर्षांची रमा शेजारच्या घरी बाजरीची भाकरी मागायला गेली. दारात उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना. जिला हजारो श्लोक मुखोद्गत होते तिला भूक लागली हे दोन शब्द उच्चारता येईनात. त्या घरच्या बाईने ओळखलं आणि भाकरी दिली. रमा ती घेऊन धावत आली, पण आईला ती गिळण्याचं त्राण उरलं नव्हतं.

पुढे बहीण गेली, 1880 साली भाऊ श्रीनिवास गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. कडेवर लेक मनोरमा. कलकत्त्याने पंडिता आणि सरस्वती म्हणून जिचा गौरव केला, तिच्याकडे या लेकीखेरीज स्वतःचं म्हणावं असं माणूस उरलं नव्हतं. अशा वेळी एखादीने देव ही गोष्टच सोडून दिली असती. रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, आणि वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टरांच्या ओळखीने त्यांनी लंडनच्या फुलहॅममध्ये एक आश्रम पाहिला. समाजाने टाकलेल्या, पतित म्हणवल्या जाणाऱ्या बायकांची तिथे मायेने देखभाल होत होती. रमाबाईंनी अशा बायकांविषयी शास्त्रांत काय लिहिलंय ते वाचलेलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. जिच्या हातचं पाणी यहुदी माणूस घेणार नाही, जिच्या संसाराची गावभर चर्चा आहे, तिच्याकडे भर दुपारी येशू पाणी मागतो आणि धर्मातली सगळ्यात खोल गोष्ट तिला समजावून सांगतो. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की त्यांचं मन तिथे वळलं. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे जरा थांबते. धर्म बदलला की बाई दुसऱ्याच्या ताब्यात गेली, असं त्या काळी पुण्यात बोललं गेलं आणि आजही बोललं जातं. रमाबाईंनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेली पत्रं वाचा. बाप्तिस्म्याला दोन वर्षंही झाली नव्हती आणि या बाई इंग्लंडच्या चर्चच्या मतपत्राशी वाद घालत होत्या. अमुक गोष्ट मला पटलेली नाही, ती मी मानणार नाही. मोठ्या कष्टाने मिळवलेलं स्वातंत्र्य मी पुन्हा कुणाच्या हाती देणार नाही. माझ्या सदसद्विवेकबुद्धीला देवाखेरीज मालक नाही. ज्यांच्या आधाराने परक्या देशात राहत होत्या, त्यांना त्यांनी हे सांगितलं. रायचूरला दारात उभं राहून जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तीच ही बाई. श्रद्धेने तिला काय दिलं असं मला कुणी विचारलं तर मी ही पत्रं पुढे करते. श्रद्धेने तिला ताठ उभं केलं, आणि धर्माधिकाऱ्यांपुढेही तिचा कणा वाकला नाही.

मदतीच्या मोबदल्यात धर्म, हा प्रश्न मी टाळणार नाही. रमाबाईंनी 1889 साली मुंबईत सुरू केलेली आणि पुढे पुण्याला आलेली मुलींची शाळा, शारदासदन, याच वादात सापडली. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसत. 1893 साली भांडारकर-रानडे यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्हीकडचं दुखणं खरं होतं, असं मला वाटतं. पण एक तत्त्व मी माझ्या मंडळींनाही सुनावते. भाकरीच्या तुकड्याला बांधून दिलेला देव कुणाचाही स्वाभिमान जागा करत नाही. जिथे कुठे तसा सौदा झाला तिथे तो येशूच्या नावाने झालेला अपमानच आहे. आपल्या मेदकच्या चर्चची गोष्ट म्हणूनच मला आवडते. मिशनरी चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या टंचाईत ते बांधलं. लोकांना भीक न घालता काम द्यायचं आणि कामाला अन्न, हा हिशेब. 25 डिसेंबर 1924 रोजी ते उघडलं. त्याचा 173 फुटी मनोरा पाहायला तुम्ही सहलीला गेला असाल. पुढल्या वेळी जाल तेव्हा मान वर करून तो दगड बघा. तो भुकेल्यांनी मान खाली न घालता वाहिलेला आहे.

आमचं घर स्वच्छ आहे असंही मी म्हणणार नाही. जात वेशीबाहेर ठेवून आलो असं आम्ही म्हणतो, पण लग्नं जुळवताना ती खिडकीतून आत येते. आणि 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहे. म्हणजे गावात जात चिकटलेली, आणि सवलतीच्या वेळी ती नाही.

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी जातीच्या प्रश्नाचा निकाल स्वतःपुरता स्वयंपाकघरात लावला. वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घेत नसत. अशा घरची मुलगी, शाळेचं तोंड न पाहिलेली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नवरा मुंबईत ख्रिस्ती झाला, तेव्हा नवरा जिवंत असून तिच्या वाट्याला विधवेसारखं जिणं आलं. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढले, जीव द्यायचे विचार आले. काही वर्षांनी त्या नवऱ्याजवळ परतल्या, पण चूल वेगळी. मग एक दिवस त्यांनी साधा प्रश्न केला. जात देवाने केली की माणसाने? देवाने जनावरं वेगळी केली तर ती दिसायलाही वेगळी आहेत. माणसांत तसं काही दिसत नाही, म्हणजे हे माणसाचंच काम. इतका सरळ तर्क, कुठल्या ग्रंथाचा आधार न घेता. त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा नंतरचा, 1900 सालचा.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या मागे गेल्या नाहीत. आपल्या डोक्याने पटवून घेतलं आणि मग पाऊल टाकलं. पुढे दुष्काळातली अनाथ मुलं त्यांनी घरात घेतली. नगरला प्लेग आला तेव्हा रोग्यांच्या झोपड्यांत, म्हणजे तिथल्या कोरंटीतच म्हणा, त्या शुश्रूषेला जाऊन राहिल्या. टिळक 1919 साली गेले. त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुढे नेताना चौसष्ट अध्याय या शाळेत न गेलेल्या बाईने लिहिले. 'स्मृतिचित्रे' तर तुम्ही सगळ्यांनी वाचली आहेत, ती साठी उलटल्यावरची.

टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे तुमच्या खुशामतीसाठी सांगत नाही. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, व्यापार बुडाला, आणि त्या राखेतून जो माणूस उठला तो देवाशी भांडणारा होता. ईयोबही भांडतो. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं भांडणंच आहेत. तू कुठे आहेस, किती दिवस लपून बसणार? दिलासा म्हणजे गप्प बसणं अशी आपली समजूत कुणी करून दिली कुणास ठाऊक. ज्याच्याशी भांडता येतं तो आपल्याला ओळखतो, हा भरवसाच मुळात दिलाशाचा पाया आहे. अनोळखी माणसाशी कोण भांडतं?

रमाबाईंचे शेवटचे दिवस सांगून आवरतं घेते. केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ होत्या, विधवा होत्या, आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन होतं, फसवलेल्या बायकांसाठी कृपासदन होतं. म्हणजे फुलहॅमला पाहिलेलं त्यांनी पुणे जिल्ह्यात आणलं. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर हाती घेतलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि छपाईचे खिळे तिथल्याच मुलींनी जुळवले. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, ते एकुलतं एक लेकरू. रमाबाईंना ऐकू येत नव्हतं, अंगात शक्ती नव्हती. त्यांनी मुद्रितं तपासणं चालूच ठेवलं, ते काम हातावेगळं केलं, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. मुलगी गेल्यावर आठ महिने ही बाई अक्षरं तपासत होती. तिचा दिलासा कसा असेल याचा विचार मी पुष्कळदा करते.

माझ्या आईने भाऊ गेल्यावर बरेच दिवस गाणं म्हटलं नाही. चर्चमध्ये जायची, ओठ मिटून बसायची. पाळक शहाणे होते, त्यांनी तिला काही विचारलं नाही. मग एका शुक्रवारी तिने चार भाकऱ्या जास्त केल्या, फडक्यात बांधल्या आणि मला घेऊन काचीगुड्याहून चालत कोरंटीला आली. त्याच ओसरीवर एका बाईशेजारी बसली. बराच वेळ बसली. मग गाठ सोडून एक भाकरी मोडली आणि तिच्या हातात ठेवली. परतताना मी म्हटलं, तिला हवी का म्हणून विचारलं का नाहीस? आई म्हणाली, "विचारलं की माणसाला मागावं लागतं गं."

तिने रमाबाईंची रायचूरची हकिगत वाचली होती की नाही, मला माहीत नाही. विचारायचं राहून गेलं. शुक्रवारच्या भाकऱ्या मात्र गुडघे थकेपर्यंत चालू होत्या. त्या कुणाच्या हातात पडतात, त्यांचा धर्म कोणता, हे तिने कधी पाहिलं नाही, आणि भाकरीबरोबर पत्रक दिलं नाही.

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांचा रोजचा रस्ता त्या फाटकावरून जातो. आतल्या माणसाची वाट पाहत कुणी ना कुणी तिथे बसलेलं असतं, बहुतेक लांबून आलेलं. येत्या आठवड्यात एक दिवस तिथे थांबा. दोन भाकऱ्या जास्तीच्या न्या, शेजारी बसा, आणि त्यांना मागायला लावू नका.